घराची चिकटवही

आमच्या कामशेतच्या घरात सध्या एक नियम लागू आहे: मला दाखवल्याशिवाय कागद टाकायचा नाही. लाइटबिल असो, औषधाची चिठ्ठी असो, किराण्याची यादी असो, आधी माझ्यापुढे ठेवायची. कारण मला चिकटवहीचं वेड लागलंय. शाळेत फळं, पक्षी आणि राष्ट्रपुरुष डकवायचो ती चिकटवही नव्हे. ही घराची. आपल्या माणसांची, त्यांच्या हस्ताक्षरांची, तिकिटांची, पत्रिकांची. इतक्या वर्षांत हे सुख मला कुणी दाखवलं कसं नाही, याचंच राहून राहून नवल वाटतं!

दाखवलं ते तळेगावच्या भाचीने. तिच्या वहीतलं पहिलंच पान माझ्या वडिलांचं होतं. मला वाटलं, फोटो असेल. फोटो नव्हताच. होता लोणावळा-पुणे लोकलचा त्यांचा जुना पास, पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटासकट. ही लोकल १९७८ साली सुरू झाली आणि बाबा पहिल्या वर्षापासून तिचे प्रवासी. पासखाली भाचीने स्टेशनं ओळीने लिहिली होती. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, असं थेट खडकीपर्यंत. बाबा खडकीला कारखान्यात होते. आणि प्रत्येक स्टेशनापुढे, तिथे काय व्हायचं ते. कान्ह्यापुढे लिहिलं होतं, "भजनवाले काका इथे चढायचे. टाळ त्यांच्या पिशवीत." वडगावपुढे, "इथपर्यंत जागा धरून ठेवायची, मग नाही." देहूरोडपुढे, "आजोबा इथे डोळे मिटायचे."

"हे तुला कुणी सांगितलं गं?" मी विचारलं.

"आजीने. तू कधी विचारलंस का मावशी?"

मी त्या पानावरून उठूच शकले नाही. बाबांचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत, सगळ्यांत ते सरळ उभे, शर्टाचं वरचं बटण लावून. पण त्यांची रोजची सकाळ? ती कुठल्याच फोटोत नव्हती. ती या पासात होती! फोटो माणूस दाखवतो, कागद त्याचा दिवस दाखवतो. मी त्याच संध्याकाळी लोकलने परत येताना एकेक स्टेशन उलट्या क्रमाने मोजत आले आणि घरी शिरल्या शिरल्या माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

ट्रंकेत काय नव्हतं! निळी आंतरदेशीय पत्रं, कडेकडेने आडवं लिहून भरलेली, कारण जागा संपली तरी मजकूर संपायचा नाही. लोणावळ्याच्या पोस्टाचा गोल शिक्का असलेली पोस्टकार्डं. एक तार. तार म्हणजे काय हे माझ्या मुलाला समजावून सांगावं लागलं. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवाच बंद झाली. चुलतसासऱ्यांना मुलगा झाल्याची ती तार, मोजून चार शब्दांची. रेल्वेची जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, टोकाला चिमट्याने पाडलेली खाच असलेली. ते तिकीट हातात धरलं की अंगठ्याला त्याची धार लागते, तीच लहानपणची धार.

आणि तळाशी, फळीवर अंथरायला म्हणून वापरलेली कालनिर्णयची पानं. १९७३ पासून हे कॅलेंडर मराठी घरांच्या भिंतीवर आहे, तसं ते आमच्याही होतं. सासूबाई त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायच्या. "२ ली.", "२ ली.", "खाडा", "१ ली." एखाद्या चौकटीत "गाय व्याली, कालवड". एकीत नुसतंच "पाऊस". मी आमच्या लग्नाचा महिना शोधला. सापडला! लग्नाच्या तारखेला काय लिहिलं असेल? "दूध १० ली. जादा." बस्स. ना शुभविवाह, ना सून आली. पण त्या दहा लिटरमध्ये अख्खं लग्न आहे. पहाटे चुलीवर चढलेलं आधण, मांडवातली वर्दळ, बासुंदीसाठी आटवलेलं दूध, आणि या सगळ्यात पेन शोधून चौकट भरणाऱ्या सासूबाई. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीही घरात नाही. आमच्या वहीचं पहिलं पान तेच आहे, आणि मी सांगते, कुठल्याही स्टुडिओतल्या रंगीत फोटोपेक्षा ते देखणं आहे.

घराण्याच्या नोंदी ठेवायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात. कित्येक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले. त्यांचं मोल मोठंच, पण तिथे बाई येते ती बहुतेक अमक्याची पत्नी नाहीतर तमक्याची कन्या म्हणून. दुधाचा खाडा लिहिणाऱ्या सासूबाईंना त्या नोंदींत जागा नाही. चिकटवहीत आहे. म्हणून मला ही वही कुलवृत्तान्ताची धाकटी बहीण वाटते, जास्त बोलकी, आणि खरं सांगायचं तर जास्त खरीही.

हे वेड जगभर आहे, हे कळल्यावर तर मला आणखीच चेव आला. मार्क ट्वेनने, हो, तोच टॉम सॉयरवाला, १८७३ साली चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं! पानांवर आधीच डिंकाचे पट्टे. ओला हात फिरवला की कात्रण चिकटलंच. आणि आज परदेशात ज्याला स्क्रॅपबुकिंग म्हणतात, त्याला जोर चढला तो १९८० मध्ये. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला कौटुंबिक नोंदींची एक जागतिक परिषद भरली होती, तिथे मॅरिएलेन क्रिस्टेन्सेन नावाच्या बाईंनी आपल्या घराच्या भरलेल्या वह्या मांडल्या आणि बघणारे थक्क झाले. पुढे त्याचा मोठा बाजार झाला. चकाकणारे स्टिकर, कागदी फुलपाखरं, तयार चौकटी. आता आपल्याकडेही मिळतात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. सासूबाईंच्या "२ ली." शेजारी सोनेरी फुलपाखरू कशाला हवं? लग्नपत्रिकेची झालर, खणाच्या चोळीचा तुकडा, एकवीरेच्या ओटीतला हिरवा धागा, एवढी सजावट पुष्कळ.

सजावटीचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण याने मी अक्षरशः नाचले. माझ्या माहेरी, लोणावळ्याला, देवघरात लक्ष्मीची एक तसबीर आहे. कमळात उभी, चार हातांची, मागे हत्ती. लहानपणापासून बघत आले, पण हात लावायची परवानगी नव्हती. वहीसाठी फोटो काढायचा म्हणून भावाने ती खाली उतरवली, काच पुसली, आणि मी जवळून बघितलं. लक्ष्मीचं लुगडं कापडाचं होतं! चित्रावर खरं कापड कापून डकवलेलं, काठाला बारीक जर शिवलेली, गळ्यात मणी, मुकुटाला टिकल्या. एकेक टिकली सुईने टाचलेली, टाके इतके लहान की नखाने मोजावे लागतील. आई म्हणाली, "तुझ्या पणजीने केलंय ते. दुपारी ओसरीवर बसून करायची." आणि चित्राच्या खालच्या पट्टीत, अगदी बारीक अक्षरांत, रविवर्मा प्रेस.

हा प्रेस कुठे होता? मळवलीला! लोणावळ्याच्या पुढच्याच स्टेशनावर. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि १८९९ मध्ये तो इथे, मावळात आणला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, दगडावर चित्र उमटवायचं, कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर दाबून काढायचा, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या गालावर लाली यायची. त्याच तंत्राने मग कॅलेंडरं आणि लेबलंही निघाली. पुढे फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ मध्ये मोठ्या आगीत त्याचं अतोनात नुकसान झालं. पण तिथून निघालेली चित्रं देशभर घराघरांत गेली आणि बायकांनी त्यांना कापड, जर, मणी लावून नटवलं. अशा नटवलेल्या तसबिरी आज संग्राहक शोधत फिरतात. म्हणजे कागदावर कात्री, सुई आणि जीव लावायची ही कला माझ्या पणजीला येत होती, आणि कागद आला होता घरापासून एका स्टेशनावरून! मी आता लोकलने मळवलीवरून जाताना उगीचच खिडकीशी सरकते.

तसबीर अर्थातच देवघरातच राहिली. वहीत तिचा फोटो आहे, शेजारी टाक्यांचा अगदी जवळून घेतलेला दुसरा, आणि आईच्या अक्षरात पणजीची माहिती. आईनेच लिहायचं, असा माझा हट्ट होता. ज्याची आठवण, अक्षर त्याचंच.

आता सगळ्यात नाजूक काम. १९८०-९० च्या सुमारास घरोघरी ते चिकट पानांचे अल्बम आले होते, वर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा असलेले. फोटो ठेवा, पडदा दाबा, झालं. आपण सगळ्यांनी आपली लग्नं आणि बारशी त्यांत भरली. त्या पानांवरचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो, फोटो खातो आणि शेवटी सोडतच नाही. ओढला तर फाटतो. भाचीने मला युक्ती शिकवली. दात साफ करायचा बारीक दोरा घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवायचा आणि अगदी हळू, करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्यायचा. घाई केली तर संपलं. मुलाच्या बारशाचा फोटो असा सोडवताना मी श्वास रोखून होते. दोरा त्याच्या पाळण्यापाशी अडकला, मग किंचित तिरका धरला, आणि पुटकन कोपरा सुटला. फोटोच्या मागे नणंदेने लिहून ठेवलेलं होतं, कोण कोण आलंय त्यांची नावं! इतकी वर्षं गोंदाखाली दडलेली. जे फोटो मुळीच सुटत नाहीत ते ओढायचे नाहीत, पानासकट त्यांचा फोटो काढून घ्यायचा आणि अल्बम तसाच ठेवायचा.

नव्या वहीत फोटो थेट चिकटवत नाही. कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे करायचे, फोटो त्यांत अडकवायचा, म्हणजे हवा तेव्हा काढून मागचं वाचता येतं. कोपऱ्याच्या घडीला तेवढी साबुदाण्याची खळ. पूर्वी बाइंडिंगवाले खळीत मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून. फोटोजवळ मोरचूद नको आणि विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात तर नकोच. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठतो.

कागदही पारखून घ्यावा लागतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उन्हा-वाऱ्याने पिवळं पडतं आणि शेजारच्या कागदालाही डाग देतं. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावायची. पानांसाठी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद उत्तम. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला जाडसर, किंचित खरखरीत कागद हातात घेतला की त्यावर काहीतरी लावावंसंच वाटतं. आणि हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या? त्या उष्णतेने छापलेल्या असतात, वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचीही आधी झेरॉक्स.

आमच्या भागात शत्रू एकच, दमट हवा. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग कागदाची काय कथा. वही पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवत नाही, लोखंडी कपाटात मधल्या फळीवर ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ऊन पडलं की पानं सावलीत उघडून वारा देते. कसर लागते ती बंद, ओलसर जागेत.

आता ज्या पानासाठी हे सगळं सार्थकी लागलं ते सांगते. आमचे सासरे, अण्णा, पवन मावळातले. त्यांचं गाव पवना धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरण १९७२ च्या सुमाराचं. जुन्या घराचा एकही फोटो नाही. तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे? मी अण्णांपुढे ड्रॉइंगचा मोठा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, "गाव काढा."

"मला कुठं चित्रं काढता येतात?"

"चित्र नको. वाट सांगा."

त्यांनी आधी वाघेश्वराचं देऊळ काढलं, नुसता चौकोन. "हे देऊळ. हितनं उगवतीला वाट जायची वढ्याकडं." मग पेन्सिल थांबेचना. ओढा, ओढ्यावरचे दगड, पाणवठा, बायकांचा वेगळा, जनावरांचा वेगळा. आंब्याचं झाड, त्याचं नाव शेंदऱ्या. खाचरांची नावं: वडाचं खाचर, लांबोडी, मधली मळई. कुणाचं घर कुणाच्या पाठीला. आमचं घर कुठे? त्यांनी एक चौकोन काढला, त्यात चूल दाखवली, दार दाखवलं आणि दारापाशी एक टिंब. "हे काय?" "उखळ. आई हितं कांडायची." मुलगा शेजारी बसून ऐकत होता, त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे झोपायचा?" अण्णांनी घरात आणखी एक छोटी रेघ ओढली.

उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं. यंदा मे महिन्यात आम्ही अण्णांना घेऊन गेलो, नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून. देवळाच्या भल्यामोठ्या दगडांवर गाळाचे पट्टे. अण्णा देवळाला पाठ करून उभे राहिले, उगवतीला तोंड करून, आणि काठीने दाखवू लागले. ओढा नकाशात दाखवला त्यापेक्षा जास्त वळणाचा होता, ते त्यांनी तिथेच तांबड्या पेन्सिलने काढलं. दुसऱ्या गावची दोन म्हातारी माणसं तिथे आलेली. ती नकाशावर वाकली आणि वाद सुरू झाला, शेंदऱ्या ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे. अलीकडे, असं ठरलं. तेही तांबड्या रेघेने. तो नकाशा आता वहीत घडी घालून बसवलाय, उघडला की दोन पानं व्यापतो. त्याच्याशेजारी अण्णांचा जुना सातबारा, आणि या वर्षीच्या शेतातली इंद्रायणीची एक लोंबी. इंद्रायणी भात आमच्याच तालुक्यातल्या, वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केला. लोंबी आधी टीपकागदात दाबून वाळवली, मग पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, म्हणजे पोरकिडे मरतात, आणि मग पारदर्शक पाकिटात.

माझ्या मुलाला आता शेंदऱ्या कुठे होता ते माहीत आहे. परवा वर्गातल्या एका मुलाला तो सांगत होता, आमचं गाव पाण्याखाली आहे, पण आमच्याकडे रस्ता आहे.

वही इतकी फुगलीय की पाठीचा कणा ताणतोय. दुसरीला भाची शिवतानाच प्रत्येक पानाच्या मुळाशी पुठ्ठ्याची अरुंद पट्टी घालणार आहे, म्हणजे चिकटवलेल्या वस्तूंना जागा राहील. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा प्रत्येक घराने एकेक कागद आणायचा, असं मी सर्वांना कळवून टाकलंय. कुणी दाखला आणतंय, कुणी बारशाची यादी. आणि काल रात्री नणंदेचा फोन आला: "वहिनी, माझ्या लग्नातली आहेराची वही सापडलीय. चालेल का?" चालेल का! नावापुढे नाव, ११ रुपये, २१ रुपये, स्टीलचा डबा, तांब्या-भांडं, आणि एका ओळीत नुसतं "मावशी, मोठी परात". मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू नका, उद्याच्या पहिल्या लोकलने घेऊन या.